हिरवळीवरचे ३५ तास

घर कल्पित आहे, पुण्याच्या पश्चिमेकडच्या कुठल्याही सोसायटीतलं समजा. विष खरं आहे. ते पोटात गेल्यावर जनावराचं शरीर ज्या क्रमाने ढासळतं तो क्रमही खरा आहे. घरात दोन ससे: बर्फी ही दोन किलोची पांढरी मादी आणि लाडू हा तिच्याहून थोडा लहान, नसबंदी केलेला नर. बर्फी सोमवारी पहाटे ३ वाजता गेली. तो शून्य तास धरून मोजणी मागे नेली आहे.

तिने पहिला घास घेतला तो शून्याच्या २० तास आधी. मोजणी तिथून सुरू केली असती, तर दोष सशाच्या तोंडाला गेला असता. म्हणून सुरुवात ३५ पासून.

३५ तास आधी. शनिवार, दुपारी ४

नवरात्रातला शनिवार. रात्री हिरवळीवर गरबा आहे, म्हणून माळीकाका सकाळपासून कुंपण छाटतायत. कुंपण कण्हेरीचं. तिला पाणी कमी लागतं, ती उन्हाळाभर फुलते आणि गुरं तिला तोंड लावत नाहीत. महामार्गांच्या दुभाजकांत ती दिसते ती या गुणांमुळेच. फुलं देवाला चालतात. अशा झाडाकडे कोणी संशयाने बघत नाही.

गुरं तोंड लावत नाहीत, कारण ताजं पान चामड्यासारखं चिवट आणि कडू असतं. फांदी छाटून उन्हात पडली, पानं मलूल झाली, की ती नाकारण्याची जनावराची वृत्ती कमी होते. विष मात्र कमी होत नाही. ऑलिअँड्रिन आणि त्याच्या जातीची इतर द्रव्यं वाळलेल्या पानातही टिकून राहतात. उभ्या झाडाजवळून वर्षानुवर्षं सुखरूप गेलेली जनावरं छाटणीच्या ढिगावर मरतात, ती यामुळे. ऑक्टोबरच्या उन्हात पान मलूल व्हायला एक दुपार पुरते.

पहिल्या मजल्यावरच्या ताई गॅलरीतून विचारतात, "काका, हा कचरा कधी उचलणार?"

"उद्या रविवार, ताई. सोमवारी गाडी आली की भरून देतो."

छाटणीच्याच दिवशी ढीग पोत्यांत भरून तोंड बांधून ठेवला असता, तर पुढचं काहीच लिहावं लागलं नसतं. पण काकांना कोणी सांगितलेलं नाही की या ढिगाला घाई आहे. सोसायटीच्या सूचनाफलकावर पार्किंगचे नियम आहेत, कुंपणाच्या झाडाचं नावही नाही.

३२ तास आधी. शनिवार, संध्याकाळी ७

गरब्याला जागा हवी म्हणून पोरं ढीग ओढत पाण्याच्या टाकीमागे नेतात. ओढताना पानं सांडतात, पुढे रात्रभर नाचणाऱ्यांच्या पायांनी ती हिरवळभर पसरतात.

२० तास आधी. रविवार, सकाळी ७

मुलगा दोन्ही ससे घेऊन खाली येतो. त्याच्या हातात चार फुटी घडीची जाळी आहे, म्हणजे निष्काळजी नव्हे हा मुलगा. कुत्री-मांजरं, घारी, उघडं गटार, सगळ्याचा त्याने विचार केलेला आहे. खाली येताच तो हिरवळ न्याहाळतो, आणि परतीच्या पावसाने उगवलेली भूछत्रं त्याला दिसतात: पांढरी, बशीएवढी, टोपीवर तपकिरी खवले, अर्धवट गोलात उभी. हिरवळीवर उगवणाऱ्या या जातीच्या मोठ्या छत्रीखालचे पडदे वयात आल्यावर हिरवट होतात आणि ती खाल्लेल्या माणसाला काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. मुलाला हे तपशील ठाऊक नाहीत, पण कुत्र्याची छत्री खायची नसते हे ठाऊक आहे. तो काठीने सगळी उपटून भिंतीपलीकडे टाकतो आणि जाळी लावतो.

त्याचं काहीच चुकलं नव्हतं. मात्र ओळखीचा धोका दूर केल्यावर नजर सैल होते. गवतात पडलेली लांबट, मलूल पानं त्याला दिसली, पण ती त्याने वाचली नाहीत. घरी तो सशांना बांबूची पानं देतो. ती सशांना चालतात, आणि लांबून पाहिलं तर कण्हेरीचं वाळतं पान तसंच दिसतं. जवळून मात्र गल्लत होण्याचं कारण नाही. कण्हेरीच्या फांदीवर बहुधा एकाच पेऱ्यावर तीन-तीन पानं असतात, मधली शीर जाड आणि फिकी, आणि तिच्यापासून दोन्ही कडांकडे अगदी जवळजवळ, समांतर, बारीक शिरा निघतात. बांबूचं पान कागदासारखं पातळ, शिरा लांबीच्या दिशेने. हा फरक दहा वर्षांच्या मुलालाही एकदा दाखवला की कळतो. या मुलाला कोणी दाखवला नव्हता.

बाकावर बसलेले आजोबा म्हणतात, "खाऊ दे रे मोकळेपणाने. जनावराला उपजत कळतं काय खावं ते."

मला या घटनाक्रमात सर्वांत घातक वाटतं ते हे वाक्य. ते प्रेमाने म्हटलेलं आहे आणि रानातल्या जनावराबाबत बरंचसं खरंही आहे. पण सशाची निवड नुसती उपजत नसते, ती शिकलेली असते. आईने काय खाल्लं त्याचा वास पिल्लाला गर्भात, दुधातून आणि बिळातल्या तिच्या लेंड्यांतून मिळतो, आणि बिळाबाहेर पडल्यावर पिल्लू त्या वासाची झाडं आधी निवडतं, हे प्रयोगांनी दाखवून दिलेलं आहे. पिंजऱ्यात, गोळीखाद्यावर वाढलेल्या आईच्या पिल्लाला कुठल्या झाडाची ओळख मिळणार? बर्फी पिढ्यान्‌पिढ्या पाळीव असलेल्या, युरोपातून आलेल्या जातीची. पुण्यातली हिरवळ तिने आयुष्यात मोजक्या वेळा पाहिली.

दुसऱ्या जनावराकडे पाहून अंदाज बांधणंही तितकंच फसवं. उंदीर आणि घुशींच्या हृदयाला हे विष फारसं बाधत नाही. ‘कॉमन क्रो’ फुलपाखराच्या अळ्या तर कण्हेरीवरही पोसतात. पान कुरतडलेलं आहे म्हणजे ते खाण्याजोगं आहे, असा अर्थ यातून निघत नाही. आणि ससा स्वतः? बऱ्याच सशांच्या रक्तात धोत्र्यातलं ॲट्रोपिन मोडून टाकणारं विकर असतं. माणसाला वेड लावणारा धोत्रा असा ससा पचवू शकतो. कण्हेरीसाठी त्याच्याकडे असं काही नाही.

बर्फी गवत खाते, मग एक पान ओढते, मग आणखी काही. लाडू एकाचा तुकडा तोडतो आणि जाळीच्या कोपऱ्यात उकरायला लागतो. पाऊण तासाने दोघं घरी येतात.

१७ तास आधी. रविवार, सकाळी १०

कोथिंबिरीची जुडी सोडताना होणारा आवाज ऐकून रोज धावत येणारी बर्फी आज पलंगाखालून येत नाही. लाडू येतो, स्वतःचा वाटा खातो, तिचाही खातो. "दमली असेल," आई म्हणते.

ससा हे शिकार होणारं जनावर. दुखणं लपवणं ही त्याची जगण्याची रीत आहे, त्यामुळे सशाने खाणं नाकारलं की ती पहिली पायरी नसते, बरंच काही आधीच बिघडलेलं असतं. खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद झाल्या, तर संध्याकाळपर्यंत थांबायचं नसतं.

तरीही सशाच्या बाबतीत निदान काही तासांत काहीतरी दिसतं. त्याच हिरवळीवर कासव किंवा हिरवा इग्वाना असता तर? दोघांनाही लाल-पिवळ्या फुलांचं आकर्षण, म्हणजे कण्हेर, घाणेरी, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, सगळंच त्यांच्या डोळ्यांत भरणारं. थंड रक्ताच्या प्राण्याचं पचन बाहेरच्या तापमानावर चालतं आणि अन्न पोटात दिवसेंदिवस राहतं. लक्षणं उशिरा येतात. तोवर फिरायला नेल्याचं घरातल्या कोणाच्या लक्षातही नसतं. आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातलं सुल्काटा कासव तर वाटेत येईल तो पाला चरत जातं. अशी परदेशी जात पाळणाऱ्यांनी २०२४ च्या नियमांप्रमाणे तिची सरकारी पोर्टलवर नोंद करणं बंधनकारक आहे, आणि नोंद नसल्यामुळे दवाखान्यात जायला कचरणाऱ्यांचा वेळ जातो तो जनावराच्या आयुष्यातून. (आपलं तारा कासव आणि आपला पोपट पाळणं हा थेट गुन्हाच आहे.)

१४ तास आधी. रविवार, दुपारी १

बर्फी पाठीची कमान करून बसलेली. दात करकर वाजतायत, हनुवटीखालचे केस लाळेने ओले. सकाळपासून एकही लेंडी नाही.

आता घर हलतं. मुलाला भूछत्रं आठवतात. "मी सगळी उपटली होती, पण एखादं राहिलं असेल." इथून पुढचे आठ तास सगळे जण भूछत्राचा विचार करतात. आजोबा मिठाचं पाणी पाजून उलटी करवायला सांगतात. शेजारच्या काकू चमचाभर तूप घेऊन येतात.

ससा उलटी करू शकत नाही. त्याच्या जठराच्या तोंडाची रचनाच तशी नाही. गिनी पिगचंही तेच. मिठाच्या पाण्याने रक्तातलं मीठ वाढतं, आणि गिळताना ठसका लागला तर पाणी फुप्फुसात जातं. दुधा-तुपाने विष बांधलं जात नाही. या क्षणी घरात करण्यासारखं थोडंच आहे: तोंडात पाला उरला असेल तर काढायचा, काळोख्या खोक्यात शांत ठेवायचं, उचल-ठेव करायची नाही, कारण हृदयाची लय बिघडलेल्या जनावराला घाबरणंही महागात पडतं. आणि जिथे चरलं तिथे जाऊन जे जे सापडेल ते पिशवीत भरून, वेळ लिहून घेऊन, दवाखान्याकडे निघायचं.

पिशवी कोणी भरली नाही. तूप थोडंसं पाजलं गेलं.

१२ तास आधी. रविवार, दुपारी ३

दोन दवाखान्यांचे फोन उचलले जात नाहीत. तिसरीकडून उत्तर येतं: आम्ही कुत्री-मांजरं बघतो, ससा नाही, गॅससाठी लहान मुलांचे थेंब द्या, उद्या आणा. थेंब दिले जातात. लाडू घरभर उड्या मारतोय, आणि त्याच्याकडे पाहून आईला धीर येतो: दोघं एकाच गवतावर होते, विष असतं तर त्यालाही झालं असतं ना?

एका ताटातली दोन जनावरं सारखं खात नाहीत. जोडीतलं एक ठणठणीत असणं हा पुरावा नव्हे. तो माणसाला हवा असलेला दिलासा आहे, आणि त्याने तीन तास नेले.

९ तास आधी. रविवार, संध्याकाळी ६

शहराच्या दुसऱ्या टोकाला सशांवर उपचार करणारा दवाखाना उघडा सापडतो. डॉक्टर टेबलावर घोंगडी घालतात, स्टेथोस्कोप लावतात, आणि बराच वेळ काढत नाहीत. सशाचं हृदय मिनिटाला १८० च्या खाली सहसा नसतं, घाबरलेल्या सशाचं तर ३०० कडे जातं. बर्फीचे ठोके ८८. मधूनच एक ठोका गळतो. अंगाचं तापमान ३६.८, निरोगी सशाचं साडेअडतीसच्या वर असतं.

"काय खाल्लं?"

"भूछत्र खाल्लं असावं."

डॉक्टरांना हे पटत नाही. यकृत जाळणाऱ्या भूछत्राचं विष खाल्ल्यानंतर सहा ते बारा तास गप्प राहतं. मग उलट्या-जुलाब, मग बरं वाटल्याचा आभास, आणि त्यानंतर यकृत बसतं. ही तर तीन तासांत मलूल झालेली. शिवाय मंद आणि अडखळणारं हृदय ही त्या विषाची सुरुवातीची खूण नव्हे. पण समोर दुसरं नाव नाही, आणि जनावर हातातून चाललेलं. ते पायाच्या शिरेतून द्रव सुरू करतात, ऊब देतात, मंद ठोक्यांसाठी ॲट्रोपिन टोचतात.

ठोके १३० वर येतात. मुलगा आईचा हात घट्ट धरतो. विसेक मिनिटांत पुन्हा ९० च्या खाली.

सकाळी सांगितलेलं विकर इथे उलटं पडतं. धोत्र्यापासून सशाला वाचवणारं तेच रसायन डॉक्टरांनी टोचलेलं ॲट्रोपिनही मोडून टाकतं. म्हणून सशांमध्ये बरेच डॉक्टर ग्लायकोपायरोलेट वापरतात, जे या विकराला बधत नाही. याही डॉक्टरांनी तेच दिलं, आणि ठोके थोडा वेळ टिकले. मात्र दोन्ही औषधं फक्त वेळ मिळवून देतात. विष जिथे बसलंय तिथे पोचत नाहीत.

ते बसतं हृदयाच्या पेशीच्या भिंतीत. पेशीतलं सोडियम बाहेर फेकून पोटॅशियम आत घेणारा एक पंप असतो, त्यावर ऑलिअँड्रिन चिकटतं आणि तो बंद पाडतं. आत सोडियम साचतं, त्यापाठोपाठ कॅल्शियम. बाहेर रक्तात पोटॅशियम चढतं. हृदय मंदावतं, विजेचा संदेश वरच्या कप्प्यातून खाली पोचत नाही, आणि शेवटी खालचे कप्पे स्वतःच्या मर्जीने धडधडू लागतात. हृदयरोग्यांना देतात ते डिगॉक्सिन याच वंशातलं. म्हणूनच डिगॉक्सिनविरोधी प्रतिपिंडं कण्हेरीच्या विषावरही लागू पडतात. श्रीलंकेत बिट्टीच्या बिया खाऊन आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्यांची संख्या फार मोठी होती, आणि तिथल्या रुग्णांवर २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या प्रतिपिंडांनी हृदयाची लय सावरल्याचं दिसलं. पण हे औषध अतिशय महाग आहे. जनावरांच्या दवाखान्यात, रविवारी संध्याकाळी, ते मिळेल असं धरून चालताच येत नाही.

६ तास आधी. रविवार, रात्री ९

डॉक्टर मुलाला बाजूला घेतात. "घरी कोणी आहे का? त्यांना हिरवळीवर पाठव. भूछत्रं सोड. जे काही पडलेलं असेल त्याचे फोटो हवेत."

आजोबा मोबाइलचा दिवा घेऊन खाली उतरतात. भूछत्रांचे तुकडे भिंतीपलीकडे तसेच आहेत, त्यांवर दाताची खूण नाही. गवतात मात्र एक पान सापडतं, देठाकडून अर्धंच, आणि कापलेली कड कात्रीने छाटल्यासारखी तिरपी, स्वच्छ. अळी कुरतडते तेव्हा कड वेडीवाकडी होते; सशाचे पुढचे दात पान असं कापतात. मग दुसरं सापडतं, मग चार देठ नुसतेच. फोटो पोचल्यावर डॉक्टरांना मधल्या शिरेवरून आणि त्या समांतर रेषांवरून ओळखायला क्षणभरही लागत नाही.

"दुसरा ससा कुठाय?"

घरी, मजेत, असं आई सांगते.

"आत्ता आणा. कपाटात औषधं आहेत त्यातलं काहीही देऊ नका. फक्त आणा."

नवरात्रातल्या रात्री रिक्षा मिळवून आजोबा लाडूला घेऊन निघतात. मांडवांमुळे दोन रस्ते बंद आहेत.

इकडे बर्फीला नळीने वैद्यकीय कोळशाचं पाणी दिलं जातं. १४ तास उलटल्यावरही ते द्यायचं कारण असं, की हे विष यकृतातून पित्तावाटे पुन्हा आतड्यात उतरतं आणि तिथून परत रक्तात शिरतं. आतड्यात कोळसा असेल तर या फेऱ्यातलं काही तिथेच अडकतं. सकाळी ९ वाजता दिला असता तर पोटातल्या पानांवरच थेट काम झालं असतं. आता पोटाची हालचालच थांबलेली आहे आणि कोळसा पुढे सरकत नाही.

२ तास आधी. सोमवार, रात्री १

ईसीजीवर लय पूर्ण तुटलेली. वरचे कप्पे एका तालात, खालचे दुसऱ्याच. रक्तातलं पोटॅशियम चढत चाललंय. लयीवरचं औषध जपून दिलं जातं, क्षणभर पट्टी सरळ होते, परत विस्कटते. डॉक्टर आईला खरं ते सांगतात. मुलालाही सांगतात, त्याला बाहेर पाठवत नाहीत. तो बर्फीच्या कानामागे बोटं ठेवून उभा राहतो.

शून्य. सोमवार, पहाटे ३

हृदय थांबतं. पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न होतो, यश येत नाही.

शून्यानंतर

लाडू रात्री पावणेअकराला टेबलावर आला, तेव्हा तो दिसायला निरोगी होता. ईसीजीवर मात्र वरून खाली जाणारा संदेश रेंगाळत होता आणि ठोके १५० च्या आसपास होते. म्हणजे त्या तुकड्याने त्यालाही गाठलं होतं, फक्त घरात कोणाला कळलं नव्हतं. त्याची आतडी चालू होती, त्यामुळे कोळसा उपयोगी पडला. तो ठरावीक तासांनी पुन्हा पुन्हा दिला गेला. शिरेतून द्रव, ऊब, काळोख्या खोलीतला पिंजरा, आणि पोट थांबू नये म्हणून नळीने पातळ केलेलं गवताचं खाद्य. रक्त दोनदा तपासलं. बर्फीवर शेवटच्या नऊ तासांत जे केलं ते सगळं याच्यावर झालं, पण शरीर त्याला उत्तर देण्याच्या स्थितीत असताना.

सोमवारी सकाळी ८ वाजता आई सोसायटीच्या अध्यक्षांच्या दारात होती. घंटागाडी येण्याआधी तिने आणि माळीकाकांनी मिळून टाकीमागचा ढीग पोत्यांत भरला, हातमोजे घालून, आणि मग हिरवळ दंताळ्याने दोनदा ओढली. काका रडवेले झाले होते. "ताई, मला म्हाईत असतं तर शनिवारीच उचललं असतं." तिने त्यांना दोष दिला नाही. समोरच्या इमारतीत दोन गिनी पिग आहेत आणि एका घरी इग्वाना. तिने दोन्ही दारं ठोठावली आणि दोन्हीकडे कण्हेरीचं पान हातात धरून दाखवलं: ही मधली शीर बघा, या बारीक रेषा बघा. गिनी पिगवाल्या मुलीने विचारलं, मग मागच्या भिंतीवरची घाणेरी? ती पण नको, आईने डॉक्टरांना फोन करून खात्री करून घेऊन सांगितलं. घाणेरी यकृतावर जाते, आणि तिच्या विषावरचा बराच अभ्यास तर गिनी पिगवरच झालेला आहे.

दुपारी लाडूने स्वतःहून गवताची काडी उचलली. संध्याकाळी पिंजऱ्यात लेंड्या दिसल्या, आकाराने लहान, पण दिसल्या. मुलाला त्याला लगेच घरी न्यायचं होतं. डॉक्टर नाही म्हणाले: लय सलग २४ तास सरळ राहिल्याशिवाय सोडणार नाही, आणि शेवटचा गळलेला ठोका पट्टीवर दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी आलेला आहे.